अंबाडीचा वाख काळा पडत होता: माझा अनुभव

मार्कंड्याच्या जत्रेत गिऱ्हाईक माझी अंबाडीची पिशवी हातात घेऊन परत ठेवायचं. वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा, काळपट, बुडाशी सालीची चिकट पट्टी. सोड्यात उकळला, काळेपणा तसाच. ब्लीचिंग पावडरीने उजळला, पण पीळ देतानाच तुटू लागला. जीव मेटाकुटीला आला.

उपाय निघाला तो भिजवणीत. बांधावरची अंबाडी फुलावर असतानाच कापा. बोंडं भरली की वाख राठ होतो. पेंढ्यांचे जाड बुडखे आधी 2-3 दिवस पाण्यात उभे ठेवा, मग पेंढ्या आडव्या पूर्ण बुडवा. वर दगडच ठेवा. चिखलाची ढेकळं, बाभळीच्या फांद्या, लोखंड अजिबात नको. काळेपणा तिथूनच येतो. आठवड्यानंतर रोज एक काडी तपासा. बुडख्याकडून साल सरसर सुटली, की त्याच दिवशी सोला, स्वच्छ पाण्यात धुवा आणि दांडीवर वाळवा.