भुईआवळी काढा ती पान हिरवे असतानाच

पावसाळा निम्मा सरला की बांधावर, फळबागेतल्या दोन ओळींमध्ये आणि ओलसर मोकळ्या जागेत भुईआवळी भरात येते. वीतभर, फार तर दीड-दोन फूट वाढणारे हे एका हंगामाचे औषधी रोप. बहुतेक शेतांत ते तण म्हणून खुरपून टाकतात. जे गोळा करतात त्यातले पुष्कळजण उशीर करतात आणि वाळक्या काड्यांचे भारे घरी आणतात. त्या काड्यांत फारसे काही उरलेले नसते. भुईआवळीतले महत्त्वाचे घटक फायलँथिन आणि हायपोफायलँथिन. ते मुख्यतः पानात असतात, खोडात आणि मुळात अगदी थोडे. पाऊस ओसरून जमीन सुकू लागली की रोप पिवळे पडते आणि पाने झडतात. म्हणून पान वाचवणे हेच या काढणीतले खरे काम.

पिकातली पहिली खुरपणी मात्र भुईआवळीसाठी लांबवू नका. पीक लहान असताना कोणतेही तण त्याच्या वाट्याचे अन्नपाणी ओढते. बांध आणि बागेतली मोकळी जागा राखली तरी पुरते. तणनाशक फवारलेल्या वावरातली, सांडपाणी येणाऱ्या नाल्याकाठची किंवा रहदारीच्या रस्त्याला लागून उगवलेली रोपे औषधासाठी घेऊच नयेत.

ओळख पक्की करा. पाने आवळ्यासारखी दोन ओळींत असतात आणि प्रत्येक बारीक फांदी एखाद्या संयुक्त पानासारखी दिसते. फांदी उलटून पाहिली की पानांच्या बगलेत मोहरीएवढी हिरवी, गुळगुळीत फळे आखूड देठांवर लोंबताना दिसतात. शेजारीच लाल भुईआवळी असू शकते. तिचे खोड लालसर असते, फळे जवळजवळ बिनदेठाची आणि खरखरीत. ती वेगळी जात आहे, एकाच ढिगात मिसळू नका. दुधी नावाच्या तणाशीही गल्लत होते, पण खोड मोडताच तिच्यातून पांढरा चीक येतो. भुईआवळीला चीक नसतो.

फळे धरलेली आणि पान अजून गर्द हिरवे, ही काढणीची अवस्था. पावसाच्या वेळेप्रमाणे ती साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येते. उघडीप पाहून, दव उडाल्यावर रोपे मुळासकट उपटा. माती झटकून मुळे धुवा आणि पाणी निथळू द्या. मग वारा खेळणाऱ्या सावलीत स्वच्छ कापडावर पातळ थर पसरून रोज हलक्या हाताने परता. ढीग केला तर आत ऊब धरते, माल काळा पडतो आणि बुरशी येते. वाळताना पाने गळतातच. ती झाडून फेकू नका, कापडावरून गोळा करून मालातच घाला. काडी कडकन मोडली की माल वाळला. तो कोरड्या पोत्यात भरून जमिनीपासून उंचावर ठेवा.

परंपरेने भुईआवळीचा कडू रस काविळीत देतात. लघवीच्या तक्रारींवर आणि खाजेवरही ती वापरात आहे. आधुनिक तपासणीचा निकाल मात्र संमिश्र आहे. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हेपटायटिस-बी या यकृताच्या आजाराचा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना या वनस्पतीची पूड दिली, तेव्हा 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे संसर्ग ओळखण्याची त्याच्या आवरणावरची खूण, नाहीसा झालेला आढळला. तुलनेसाठी औषधाविना नुसती मात्रा दिलेल्या 23 जणांत असा एकच होता. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे माल देताना कावीळ बरी करण्याची हमी कुणालाही देऊ नका. पित्तनलिकेत खडा अडकूनही कावीळ होते आणि तिथे रस पिण्यात गेलेले दिवस जिवावर बेततात. आधी रक्त तपासून घ्यावे. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी भुईआवळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सगळी रोपे उपटू नका. ठरवून लागवड करायची असेल तर लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचे 'नव्यकृत' हे वाण आहे. घरचे बी धरायचे तर काही जोमदार रोपे पक्व होईपर्यंत उभी ठेवा. पिकलेले फळ तडकून बी दूर उडवते, म्हणून फळे पिवळसर होताच रोपे कापून बंद कापडी पिशवीत वाळवा. बी फार बारीक असते. पेरताना त्यात कोरडी वाळू मिसळा, वरवर टाका आणि मातीत खोल गाडू नका.