दादाच्या कमरेचा पट्टा

दादाला दिसत नाही, पण काठी घेऊन तो एकटा फिरतो. खड्डा, पायरी, गटाराची कड काठीच सांगते. काठी सोडायला लावणारं यंत्र करायच्या फंदात पडू नका. त्याची अडचण मोकळ्या मैदानात, रुंद चौकात होते. तिथे दिशा सुटते. फोनमधली नकाशावाली बाई त्याने आठ दिवसांत गप्प केली. म्हणाला, "कान मला गाड्यांसाठी लागतात रे." म्हणून कमरेला थरथरून दिशा सांगणारा पट्टा.

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, त्यामुळे सामान हाताशी होतं. मोबाइलमध्ये थरथरतात तशा १० मिलिमीटरच्या चपट्या मोटरी आठ, त्या चालवायला ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणकच), दिशा कळायला होकायंत्रासारखा बीएनओ०५५ सेन्सर, ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि चार बोटं रुंद इलॅस्टिक. मोटर बोर्डाच्या पिनला थेट जोडू नका, पिन जळेल. मध्ये यूएलएन२८०३ चिप घाला: आठ मोटरींना आठ वाटा, आणि मोटर बंद होताना येणारा विजेचा उलट झटका जिरवणारे डायोड आतच. फक्त तिची दहावी पिन बॅटरीच्या धन टोकाला जोडा, नाहीतर ते डायोड नुसते बसून राहतात. चिप स्वतः व्होल्टभर खाते, ते इथे पथ्यावरच पडतं; मोटरी ३ व्होल्टच्या असतात.

मोटरींच्या जागा टेपने मोजू नका. कंबर काही गोल नसते. बनियनवरून माणसाच्या अंगावरच खडूने खुणा करा: बेंबी, पाठीचा कणा, दोन्ही कुशी, मग त्यांच्या मधल्या चार. सेन्सर मोटरींपासून लांब ठेवा. मोटरीत चुंबक असतो. माझा सेन्सर आधी कण्याजवळच्या मोटरीला चिकटून होता आणि उत्तर दिशा भलतीकडेच दाखवत होता.

खरी डोकेफोड झाली ती मोटर कधी वाजवायची, म्हणजे थरथरवायची, यावर. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात उत्तरेकडची मोटर सतत वाजवणारा पट्टा करून पाहिला होता, २००५ साली त्यावर शोधनिबंधही आला. तसं केल्यावर दादा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कमरेला मुंग्या आल्यात, काढ हे." मग उलट केलं: सरळ चालतोय तोवर गप्प, वाट सुटली की जिकडे वळायचं त्या कुशीला ठोका. तर म्हणे, "गप्प आहे म्हणजे बरोबर चाललोय, की बॅटरी गेली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दर सहा सेकंदांनी बेंबीवर एक हलकी टिचकी वाजते. ती थांबली की पट्टा बंद पडला असं समजायचं. ठोका मात्र फार छोटा ठेवू नका, मोटरीला वेग घ्यायला वेळ लागतो. आम्ही २०० मिलिसेकंदांवर आलो.

तपासणी स्वतःच्या डोळ्यांना पट्टी बांधून करू नका. तुम्ही नुसते घाबरून चालाल, कळणार काहीच नाही. दादाला उभं करून मी एकेक मोटर वाजवायचो, तो घड्याळाच्या भाषेत सांगायचा: "तीनला. साडेदहाला."

आणि वेल्क्रो लावलात तर एक करा. एकदा पट्टा उलटा बांधला गेला, डावं-उजवं फिरलं आणि दादा थेट गोठ्यात. आता वरच्या काठाला शर्टाचं बटण शिवलंय. बांधण्याआधी तो अंगठ्याने ते चाचपतो.