घोड्यांच्या औतामागे एक हंगाम

आमची शेवटची खिल्लार जोडी खरसुंडीच्या बाजारात विकली तेव्हा मी बारावीत होते. तोवर गाडी जुंपणं, सोडणं, कोळप्यामागे चालणं हे सगळं आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या, हाताखाली झालेलं. त्यामुळे कृषी पदवीनंतर अमेरिकेत घोड्यांवर चालणाऱ्या एका शेतावर प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली, तेव्हा मी निर्धास्त होते. पुढे जनावर, मागे माणूस, मध्ये कासरा. फरक तो काय असणार? तो फरक मला गाडीची एक दांडी मोडून कळला. तुमच्यापैकी कोणी तिकडे जायचा विचार करत असेल, तर निदान तुमची दांडी वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं ठिकाणाबद्दल. शेत ओहायो राज्यात, होम्स काउंटीच्या कडेला. हा आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा मुलूख. त्यांच्या चर्चच्या नियमांत ट्रॅक्टरने शेत नांगरणं बसत नाही, म्हणून शेतीची ओढ घोड्यांवर. पण याचा अर्थ ते शंभर वर्षं मागे आहेत असा काढू नका. शेजारच्या शेतावर गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र मी पाहिलं, त्यावर चांगलं दणकट इंजिन बसवलेलं आणि ते इंजिनासकट घोडे ओढत होते. मला हसू आलं, पण हिशेब चोख आहे: यंत्र फिरवायला इंजिन चालतं, शेतात हिंडायला घोडा. घोड्यांसाठी नवी अवजारं बनवणारे कारखाने याच भागात आहेत, डाल्टनचं ‘पायोनियर इक्विपमेंट’ त्यातलं नावाजलेलं. 1994 पासून दर उन्हाळ्यात ‘हॉर्स प्रोग्रेस डेज’ नावाचा मेळावा भरतो, दरवर्षी वेगळ्या आमिश वस्तीत. तिथे ही अवजारं प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवतात. 1915च्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या आसपास होती, 1960 पर्यंत ती तीस लाखांवर आली. जे उरलं त्यातलं बरंच या लोकांमुळे उरलं.

आमचं शेत मात्र आमिश नव्हतं. साठी ओलांडलेली एक बाई भाजीपाला करायची. तिच्याकडे पर्शेरॉन जातीच्या दोन घोड्या, डॉली आणि केट, आणि पीट नावाचं एक खेचर. सगळे तिला नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही, मी शेवटपर्यंत ‘मॅम’वरच राहिले.

पहिले तीन आठवडे कासरा हातात मिळाला नाही. सकाळी सहाला तबेल्यात, लीद काढायची, गवत टाकायचं, मग खरारा. मला वाटलं आपल्याला मोतद्दारच करून टाकलं की काय. पण खराऱ्याला कारण असतं. कॉलर जिथे बसते तिथे वाळलेल्या घामाची एवढीशी खपली राहिली, की दुपारपर्यंत खांद्याची सालटी निघते आणि मग ऐन हंगामात आठवडाभर घोडी बसून. बैल वशिंडाच्या पुढे ठेवलेल्या जुवाला रेटतो. घोडा खांद्याने रेटतो, आणि ते सगळं बळ त्या गादीवजा कॉलरमधून जातं. कॉलर घातल्यावर तळाशी, गळा आणि कॉलर यांच्यामध्ये, आपला पंजा सपाट सरकला पाहिजे. सरकला नाही तर श्वास कोंडतो, आणि मूठ मावली तर कॉलर हलून घासते. वसंतात घोडी गवतावर अंगाने सुटलेली असते, पुढे कामाने उतरते, म्हणून एकाच घोडीला हंगामात दोन मापांच्या कॉलरी लागू शकतात. हे मला कुठल्याही पुस्तकात आधी दिसलं नव्हतं. बाई रोज स्वतः पंजा घालून बघायची, मी बघितलेलं असलं तरी.

आकाराचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडून जाणारा माणूस तिथेच बिचकतो. खिल्लार बैल साडेचारशे-पाचशे किलोंचा. डॉली होती साडेआठशेच्या घरात आणि तिची पाठ, खांद्यापाशी, पाच फूट आठ इंचांवर. मी पाच फूट एक. लगाम चढवायचा तर तिने मान खाली घ्यायला हवी, आणि ती माझ्यावर विश्वास बसल्याशिवाय घेत नसे. बैलाला वेसण असते, नाक आपल्या हातात असतं. घोडीच्या तोंडात लोखंड असलं, तरी ती मनात आलं तर ते दातांत धरून निघून जाऊ शकते. आणि घाबरलेला बैल निदान क्षणभर डोळे वटारून उभा राहतो, घोडा आधी पळतो आणि मग विचार करतो. म्हणून डोळ्यांना झापडं, मागचं फिरणारं चाक दिसू नये यासाठी.

हुकूम मोजके आहेत. डावीकडे ‘हॉ’, उजवीकडे ‘जी’, मागे ‘बॅक’, थांब ‘व्हो’. पहिला आठवडा मी घोड्यांशी फारच अदबीने बोलतेय असं मला वाटायचं, उजवीकडे वळवायचं आणि म्हणायचं ‘जी’! गंमत म्हणजे आमचे आमिश शेजारी आपसांत त्यांच्या जर्मन बोलीत बोलत, घोड्यांशी मात्र इंग्रजीत. या सगळ्यांत खरा शब्द एकच, ‘व्हो’. आप्पा बैलांना ‘हो, हो’ करत, तसाच. बाई आम्हाला घोडी चालवायला नव्हे, उभी करायला शिकवत होती. शेतात मधेच ‘व्हो’ म्हणायचं आणि उभं राहायचं, दोन मिनिटं, पाच मिनिटं. घोडीने पाय टाकला की पुन्हा जागेवर. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. आता दांडीची गोष्ट.

बैलगाडी सोडताना आपण काय करतो? पुढे जातो, जोतं, म्हणजे बैलाच्या गळ्याचा पट्टा, सोडतो, बैल बाजूला होतो. संपलं. कारण बैल गाडीला फक्त पुढून, जुवाशी बांधलेला असतो. घोड्यांची जोडी दोन ठिकाणी बांधलेली असते. पुढे गळ्याखाली एक आडवं लाकूड, नेक योक, ते दांडीचं, म्हणजे गाडीतून दोन घोड्यांच्या मधून पुढे येणाऱ्या लांब लाकडाचं, टोक उचलून धरतं आणि गाडी थोपवतं. मागे कॉलरपासून निघालेल्या साखळ्या, म्हणजे ट्रेस, गाडीच्या आडव्या लाकडांना अडकवलेल्या असतात, त्या गाडी ओढतात. जुंपताना आधी कासरा हातात, मग पुढचं, शेवटी मागचं. सोडताना बरोबर उलटं: आधी मागच्या साखळ्या, मग पुढचं, आणि कासरा सगळ्यात शेवटी. लगाम तर जनावर गाडीला असेपर्यंत काढायचाच नाही. हे मला तोंडपाठ होतं. वहीत चित्र काढून ठेवलं होतं.

जूनमधली दुपार, शेणखत पसरून आलो होतो, भूक लागली होती. मी कासरा केटच्या साजावर टाकला, सरळ पुढे गेले आणि दांडीतून नेक योक सोडवलं. हाताने केलं, डोक्याने नाही. हे हात आप्पांच्या गाडीवर शिकलेले. दांडी धप्पकन जमिनीवर पडली. केटला तेवढ्यात गोमाशी चावली असावी, ती पुढे झाली, तिच्याबरोबर डॉली. मागच्या साखळ्या अडकलेल्याच, त्यामुळे गाडीही पुढे, आणि दांडीचं टोक मातीत घुसलं. लाकूड मोडल्याचा आवाज बंदुकीसारखा झाला. त्या आवाजाला कुठलीही जोडी उधळली असती. मी कशीबशी ‘व्हो’ म्हणाले, आवाज फुटलाच नव्हता खरं तर. डॉली उभी राहिली. केट थरथरत होती, पण डॉली हलेना म्हणून तीही थांबली. दोन्ही घोड्यांच्या मधे, मोडक्या दांडीच्या पुढ्यात मी.

बाई धावत आली नाही, चालत आली. कासरा उचलला, माझ्या हातात दिला, मागच्या साखळ्या सोडल्या. ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी नवी दांडी बसवल्यावर तिने मला गाडी जागची न हलवता वीस वेळा जुंपायला आणि सोडायला लावलं, प्रत्येक वेळी क्रम मोठ्याने म्हणत. घोड्या कंटाळल्या, पण उभ्या राहिल्या. त्या पाच-पाच मिनिटांचा उपयोग मला तेव्हा कळला. बैलांची सवय असलेल्यांना म्हणून सांगते, धोका आपल्याला जे येत नाही त्यात कमी असतो. आपले हात जे न विचारता करतात, त्यावर पहारा ठेवा.

नांगरटीबद्दल फार लांबण लावत नाही. पायी नांगराला एक फूट रुंदीचं तास, म्हणजे चर, पडलं तर एकरामागे तेरा किलोमीटरहून जास्त चाल होते, आणि चांगली जोडी, चांगला माणूस असेल तर दिवसाला एक एकर. मला अर्धाही जमला नाही. बसून चालवायचे नांगरही आहेत, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

खाणं मात्र नीट शिका. घोडा रवंथ करत नाही. बैलाला सकाळी पोटभर घातलं की तो सावलीत बसून निवांत चघळतो. घोड्याला थोडं थोडं, सतत लागतं. वजनाच्या साधारण दोन टक्के वाळलं गवत, म्हणजे डॉलीला सतरा किलो, आणि काम असेल तशी चंदी, म्हणजे धान्याचा खुराक. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गडबड झाली तर ती थेट जिवावर बेतते. आणि सोमवारचा आजार! रविवारी घोडा उभा, पण चंदी कामाच्या दिवसाइतकीच घातली, तर सोमवारी जुंपल्यावर थोड्या वेळात मागचे पुठ्ठे दगडासारखे ताठ होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तिथून एक पाऊलही चालवायचं नाही, डॉक्टर बोलवायचा. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळपासूनच चंदी कमी व्हायची.

पीटबद्दल मला जास्त लिहायचं होतं. आपल्याकडे खेचर म्हटलं की नुसता अडेलपणा डोळ्यांपुढे येतो. गाढव बाप, घोडी आई, स्वतःला संतती नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचे आमिश शेतकरी मात्र घोड्यापेक्षा खेचरच पसंत करतात: ऊन सोसतं, खूर अरुंद असल्याने पिकाच्या ओळीत रोप तुडवत नाही, आणि पुढ्यात चंदीचं पोतं फाटलं तरी सहसा पोट फुटेस्तोवर खात नाही. पीट एका ओढ्यावरच्या लाकडी साकवावर जाईना. मी दोन दिवस ओढलं, चुचकारलं, चिडले. तिसऱ्या दिवशी बाईने फळ्या उचलून पाहिल्या, खालचं एक लाकूड कुजलं होतं. ते बदललं. तरी पीट आठवडाभर गेला नाही. मग एका सकाळी, मी काही न म्हणता, फळ्या हुंगून गेला.

आता जायचं कसं. पर्यटक व्हिसावर जाऊन शेतावर राबणं बेकायदा आहे, ‘फक्त राहण्या-जेवणाच्या बदल्यात’ असं कोणी म्हटलं तरी. रस्ता जे-1 या प्रशिक्षण-देवाणघेवाणीच्या व्हिसाचा. शिकत असाल किंवा पदवीला वर्ष झालं नसेल तर इंटर्न म्हणून, नाहीतर पदवी आणि वर्षभराचा त्याच क्षेत्रातला अनुभव दाखवून ट्रेनी म्हणून. आरोग्य विमा सक्तीचा. पैसे साठवायला जाऊ नका, मी परत येताना तिकीट आणि थोडंसं सुटलं. टाचेचे, घोट्यावर येणारे चामडी बूट पहिल्याच दिवशी घ्या. केटने माझ्या पायावर एकदा पाय दिला तो कापडी बुटांच्या दिवशी, नख गेलं.

आणि निघण्याआधी इथेच घोड्याजवळ उभं राहायची सवय करा. दत्त जयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. दोन दिवस तिथे काढा, एखाद्या नालबंदाशेजारी बसा, खूर उचलून धरायला मागा. मी हे केलं नाही, त्यामुळे पहिला खूर उचलायला मला चार दिवस लागले.

अर्जात बैलांचं लिहा. मी ते कापून टाकणार होते, गावंढळ वाटेल म्हणून. मैत्रिणीने ठेवायला लावलं. मुलाखतीत बाईने माझ्या मार्कांबद्दल एक प्रश्न विचारला आणि पुढचा अर्धा तास जू कशाचं असतं, शिवळा कुठे बसतात, जोतं कसं बांधतात हेच विचारत राहिली. मला इंग्रजी शब्द सापडेनात. शेवटी म्हणाली, फोटो पाठव. परसात पडलेलं जू धुतलं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि पाठवला.