स्वतःचा राउटर लावायचाय? जुन्याची पिन काढायच्या आधी एवढं करून ठेवा

पहिली गोष्ट, रविवारी संध्याकाळी हे काम काढू नका. मी काढलं होतं. मिरजेत आईकडे गेलो होतो, नवा राउटर पिशवीत होता, म्हटलं अर्ध्या तासाचं काम, काढली जुन्याची पिन. मग कळलं की यूजरनेम-पासवर्ड घरात कुणाकडेच नाही, नेटवाला रविवारी फोन उचलत नाही, आणि आईची मालिका नेटवरच्या टीव्हीवर. सोमवारी साडेदहापर्यंत घरात नेट नव्हतं आणि माझ्याशी कुणी धड बोलत पण नव्हतं. त्यानंतर अजून तीन घरी राउटर लावलेत, तेव्हा काय काय आधी हाताशी पाहिजे ते आता पाठ झालंय. कामाचा दिवस, सकाळी अकराच्या सुमाराला बसा, नेटवाल्याचं ऑफिस उघडं असतं तेव्हा.

राउटर घ्यायच्याही आधी एक करा, दोष खरंच राउटरचाच आहे का ते बघा. लॅपटॉप वायरने जुन्या डब्याला जोडायचा आणि स्पीड मोजायचा, सकाळी एकदा आणि रात्री नऊ-साडेनऊला एकदा, कागदावर लिहून ठेवायचा. वायरवरच जर शंभर एमबीपीएसच्या प्लॅनला तीस येत असेल तर पाच हजारांचा राउटर आणून काही होत नाही, तिथे नेटवाल्याशी भांडायला लागतं. वायरवर पंच्याण्णव आणि आतल्या खोलीत मोबाईलवर चार, असं असेल तर मात्र राउटर नाहीतर त्याची जागा. आमच्या मिरजेच्या घरात मधली भिंत दीड फुटाची आहे, जुनं बांधकाम, तिच्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय त्या भिंतीपाशी पार मान टाकतं. २.४ वालं जातं पलीकडे, हळू का होईना पण जातं. तिथे शेवटी काय केलं तर वायर ओढून राउटरच मधल्या दारावर नेला, आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं. सहा अँटेनांचा कोळी विकत घेण्यापेक्षा वीस मीटर केबल स्वस्त पडते, आधी ते करून बघा.

आता तुमच्याकडे डबे किती ते बघा, सगळं यावरच आहे. बाहेरून येणारी बारीक फायबर, तिच्या टोकाला बहुतेक हिरवं किंवा निळं प्लास्टिकचं कनेक्टर, ती ज्या डब्यात घुसते तो ओएनयू, कुणी ओएनटी म्हणतं. काही घरी हा डबा वेगळा आणि त्यातून साधी लॅन केबल (घरातल्या डब्यांना जोडणारी वायर) निघून राउटरला जाते. असं असेल तर सुटलात, फक्त पुढचा राउटर बदलायचा. पण बऱ्याच ठिकाणी एकच डबा असतो, फायबर त्यातच आणि वायफायही त्यातूनच, मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा असाच देतात. अशा वेळी दुकानातून आणलेला राउटर उलटा-सुलटा करून फायबर कुठे घालायची ते शोधत बसू नका, त्याला ते भोक नसतंच. लोक खरंच शोधतात, मी एका काकांना टॉर्च घेऊन शोधताना पाहिलंय. जुना डबा भिंतीवर राहणारच, तुमचा राउटर त्याच्या मागे लागणार.

मागे लावायचे दोन प्रकार. एक, जुना डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त फायबरचं लॅन करून देणार, बाकी डोकं तुमच्या राउटरचं. हे बऱ्याचदा नेटवाल्यालाच करावं लागतं कारण त्या सेटिंगचं पान ग्राहकाच्या लॉगिनला दिसतच नाही. दुसरा, जुन्याला हात लावायचा नाही, त्याच्या लॅन पोर्टातून वायर काढून तुमच्या राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरचं नेट आत घ्यायच्या पोर्टात) घालायची आणि जुन्याचं वायफाय बंद करायचं. यात नॅट, म्हणजे घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर, दोनदा होतं म्हणून काही जण नाकं मुरडतात, पण यूट्यूब, मीटिंग, मुलांचा अभ्यास, कशालाच काही फरक पडत नाही, गेमवाल्यांना आणि बाहेरून कॅमेरा बघणाऱ्यांना मात्र पडतो. माझं मत विचाराल तर घरी फोनवर मदत मागणारी वयस्कर माणसं असतील तर दुसरा प्रकारच बरा, बिघडलं तर एक वायर काढून जुनं वायफाय चालू करता येतं. फक्त एक बघा, दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आपसात भांडतात, तुमच्या राउटरचा १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करून टाका.

तिसरा पण प्रकार आहे, ओएनटीच स्वतःचा घ्यायचा. बीएसएनएलच्या फायबरला बाजारातला ओएनटी चालतो, पण तो जीपॉन पाहिजे की ईपॉन (फायबरचे दोन वेगळे प्रकार) हे आधी विचारायचं आणि त्याचा सिरियल नंबर त्यांच्या बाजूला नोंदवून घ्यायला लागतो, नुसती फायबर घातली आणि चालू झालं असं नसतं. लँडलाईन असेल तर फोनचा पोर्ट असलेलाच घ्या, आणि ती चालू करून कोण देणार ते पण आधीच ठरवा. नवीन राउटर लावून नेट सुरू झालं आणि आजोबांचा फोन मुका झाला हे पण पाहिलंय.

मग नेटवाल्याला फोन. हा फोन म्हणजे तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. विचारायचं असं: कनेक्शन पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने चालणारं) आहे का डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणारं), पीपीपीओई असेल तर यूजरनेम आणि पासवर्ड काय, व्हीलॅन नंबर (नेटवाला लाईन वेगळी ओळखायला देतो तो) टाकायला लागतो का आणि कितीचा, मॅक (राउटरचा स्वतःचा ओळख नंबर) बांधलेला आहे का, आणि आयपी (तुमचा इंटरनेटवरचा पत्ता) पब्लिक, म्हणजे तुमचा एकट्याचा आहे, का सीजीनॅट, म्हणजे बऱ्याच ग्राहकांत मिळून एक. मी विचारलं तर आमचा मिरजेचा नेटवाला दादा म्हणाला, "साहेब, तुमाला कशाला पायजे ते, मी सांजच्याला येतो की, लावून देतो." म्हटलं दादा, याच तुम्ही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आत्ता टाकून ठेवा. टाकलं त्याने, पण टाईप करून नाही, वहीच्या पानाचा फोटो. निळ्या पेनाने लिहिलेलं, कडेला चहाचा डाग, आणि पासवर्डमध्ये एक गोल, तो शून्य आहे का इंग्रजी ओ ते त्यालाही सांगता येईना. दोन्ही टाकून बघितले, शून्य निघाला. तेव्हा फोटो आला तर परत फोन करून एकेक अक्षर विचारा, कुठलं मोठ्या लिपीतलं, कुठलं छोट्या. पासवर्ड तुम्हाला देणारच नाही म्हणाला तर गोड बोलून त्याला घरी बोलवा आणि नव्या राउटरमध्ये त्याच्याच हाताने टाकून घ्या, पण तो यायच्या आधी जुन्याची पिन काढू नका.

मॅकचं सांगतो. काही नेटवाले तुमची लाईन जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवतात, मग नव्यात सगळं बरोबर टाकलं तरी चालत नाही आणि माणूस आपलाच पासवर्ड चुकला म्हणून डोकं फोडत बसतो. उपाय सोपा आहे, जुन्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढायचा, त्यावर मॅक असतो, नव्यात मॅक क्लोन नावाची जागा असते तिथे तो टाकायचा. वॅनचा मॅक स्टिकरवरच्यापेक्षा एखाद्या आकड्याने वेगळा असू शकतो म्हणून जुन्याच्या स्टेटस पानाचाही फोटो काढून ठेवा. तसे सगळेच फोटो काढा: मागच्या वायरी कुठे कुठे आहेत ते, वॅनचं पान, वायफायचं पान. आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा, क्लाऊडवर नको, कारण नेट बंद असतानाच ते लागणारेत. मोबाईलचा डेटा पॅक पण बघून घ्या, नव्या राउटरचं अ‍ॅप आणि फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.

राउटर घेताना खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. एसी १२०० म्हणजे १२०० चा स्पीड मिळतो असं नाही, ५ गिगाहर्ट्झचे ८६७ आणि २.४ चे ३०० अशी बेरीज करून वर ढकललेला आकडा आहे तो. खरा गमतीचा भाग पुढे आहे, १२०० लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांना मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, त्यातून वायरवर ९४-९५ च्या वर काही येत नाही. तुमचा प्लॅन २०० चा असेल तर निम्मे पैसे दर महिन्याला पोर्टातच अडकले. तेव्हा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) वॅन पोर्ट आहे का तेवढं दुकानदाराला विचारा, बाकी त्याला बोलू द्या. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, आणि आठही तारा धड पाहिजेत, १०० ला चार तारा पुरतात पण गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे बाकीच्या चारांतली एक तार तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त गुपचूप १०० वर येतं आणि कळत नाही का ते.

अमेरिकेतल्या भाच्याने राउटर आणला असेल तर खुश व्हायच्या आधी दोन गोष्टी बघा. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना, आणि तो नुसता राउटर आहे ना. तिकडे केबल मॉडेम आणि राउटर एकत्र असलेले डबे मिळतात, मागे टीव्हीच्या वायरीसारखं गोल स्क्रूचं भोक असतं, ते आपल्या फायबरला काही उपयोगाचं नाही. आणि घरात जुना टेलिफोनच्या वायरीवरचा एडीएसएल राउटर पडला असेल तर भंगारात टाकू नका. त्याचा डीएचसीपी बंद करून, आयपी बदलून, लॅन पोर्टातच वायर घातली की आतल्या खोलीसाठी जास्तीचं वायफाय होतं. हळू असेल, पण रेसिपी बघायला चालतं.

लाईटचं बघून ठेवा. मिनी यूपीएस घ्यायचा असेल तर तो दोघांना पुरला पाहिजे, ओएनयूलाही आणि राउटरलाही, नुसता राउटर जिवंत ठेवून वायफायच्या पूर्ण काड्या बघत बसायचं असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट दीड अँपिअर असं काहीतरी असतं, बेरीज करा आणि यूपीएस तेवढा देतो का ते बघा. ९ व्होल्टचा डबा १२ वर लावू नका. आणि अडॅप्टरांवर आत्ताच मार्करने नाव घाला, सगळे काळे, सगळ्यांची पिन सारखी, अदलाबदल व्हायला मिनिट लागत नाही.

फायबरला शक्यतो हात लावू नका. राउटर मागे-पुढे सरकवायला लागलाच तर वायर दाबू नका, बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका, खिळ्याला तर अजिबात अडकवू नका, आत काच आहे. हिरव्या टोकाच्या जागी निळं घालायचं नाही, हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं, बसतं खरं पण सिग्नल पडतो. काढलेल्या टोकात डोळा लावून बघू नका, आतला लेझर दिसत नसला तरी असतो. ओएनयूवर लॉसचा लाल दिवा लागला तर राउटरशी खेळणं थांबवा, ती लाईनची तक्रार आहे.

आता प्रत्यक्ष दिवस. घरातल्यांना सांगा की तासभर नेट नाही, ज्याची मीटिंग आहे त्याला विचारून वेळ ठरवा. नवा राउटर आधी नुसता लाईटला लावून, लॅपटॉप वायरने जोडून, सगळं भरून घ्या: पीपीपीओई असेल तर यूजरनेम-पासवर्ड आणि एमटीयू (डेटाच्या एका पुडक्याचा आकार) १४९२, व्हीलॅन, लागलाच तर मॅक. मगच वॅनची वायर जुन्यातून काढून नव्यात घाला आणि ओएनयू एकदा बंद-चालू करा. लगेच जोडला नाही तर घाबरू नका. जुनं सेशन, म्हणजे आधीचं लॉगिन, त्यांच्या सर्व्हरवर अडकून राहतं, दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, तरी नाही झालं तर फोन करून म्हणायचं, दादा, सेशन क्लिअर करा. हे दोन शब्द वापरले की पलीकडचा माणूस जरा नीट बोलायला लागतो, का ते माहीत नाही.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा, अक्षर न अक्षर. नाहीतर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, बहिणीचा फोन, शेजारच्या वहिनींचा फोन, सगळ्यांना परत जोडत बसायला लागेल. हां, पासवर्ड अख्ख्या बिल्डिंगला माहीत असेल तर मात्र हीच संधी आहे. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा, नुसतं डब्ल्यूपीए३ केलं तर जुना प्रिंटर आणि स्वस्तातले स्मार्ट बल्ब चढत नाहीत. ते बहुतेक २.४ वरच चालतात, ते बंद करू नका. राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड वायफायपेक्षा वेगळा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद, बाहेरून लॉगिन बंद.

कॅमेरा बाहेरून बघायचाय त्यांनी राउटरचा (जुना डबा तसाच ठेवला असेल तर त्या डब्याचा) वॅन आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला, किंवा पहिला आकडा नुसता १० असलेला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवू नका, काही होणार नाही. एकतर कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाऊड अ‍ॅप वापरा नाहीतर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतःचा, आयपी घ्या, त्याचे वेगळे पैसे घेतात.

आणि जुना राउटर रिसेट करू नका, कुणाला देऊ पण नका. एकतर तो बऱ्याचदा त्यांच्याच मालकीचा असतो, कनेक्शन सोडताना परत मागतात. दुसरं म्हणजे पुढच्या वेळी नेट बंद पडलं की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "आमचा राउटर लावून बघा आधी." त्याच्याच अडॅप्टरसकट, सेटिंग तशीच ठेवून, पिशवीत घालून कपाटावर ठेवा, आणि कुठे ठेवलाय ते आईला सांगून ठेवा.