लॅपटॉपवर गॅलक्सी चालवताय? मग सुपरनोव्हाची एनर्जी नीट द्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एमएससी फिजिक्सची पोरं विचारतात, गॅलक्सीचं सिम्युलेशन घरच्या लॅपटॉपवर होतंय काय? होतंय की. फक्त लगेच आपल्या आकाशगंगेएवढं काही घेऊ नका, एकच छोटी ड्वार्फ गॅलक्सी घ्या. लिनक्सवर स्विफ्ट (SWIFT) हा अशा सिम्युलेशनसाठीचा फुकट मिळणारा कोड टाका, त्यात आयसोलेटेड म्हणजे एकट्या-सुट्या गॅलक्सीची उदाहरणं तयार आहेत. आणि रिस्टार्ट फाइल चालू ठेवा, खानापूरकडं पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आता तारे. सिम्युलेशनमध्ये गॅस तुकड्यातुकड्यांनी मोजतात, त्या तुकड्याला पार्टिकल म्हणतात. तुमच्या गॅसचा एक पार्टिकलच दहा हजार सूर्यांच्या वजनाचा असतोय, म्हणजे त्यातनं सुटा तारा नाही, अख्खा तारकागुच्छ जन्मतो. गॅस थंड आणि ठरवलेल्या डेन्सिटीपेक्षा दाट झाला की त्याचा फ्री-फॉल टाइम, म्हणजे स्वतःच्या गुरुत्वानं कोसळायला लागणारा वेळ, काढा, घन सेंटीमीटरला १०० हायड्रोजन अणू असतील तर तो ४०-५० लाख वर्षं येतो, आणि तेवढ्या वेळात साधारण १ टक्काच गॅसचे तारे होऊ द्या. कुठला पार्टिकल तारा होणार ते रँडम नंबरवर सोडा.

खरी मेख फीडबॅकमध्ये, म्हणजे ताऱ्यांनी गॅसला परत दिलेल्या एनर्जीत आहे. ८ सूर्यांपेक्षा जड तारे फुटतात, १०० सूर्यांएवढे तारे झाले की साधारण एक सुपरनोव्हा, आणि प्रत्येकाची एनर्जी १० चा ५१ वा घात अर्ग. ही उष्णता नुसती शेजारच्या पन्नासेक पार्टिकलांत वाटून टाकली तर तापमान फार तर काही लाख केल्व्हिनपर्यंत जातं, आणि नेमकं तिथंच गॅस सगळ्यात जोरात थंड होतोय, म्हणजे एनर्जी वाऱ्यावर गेली आणि तारे बेसुमार वाढत बसले. म्हणून एनर्जी किती यापेक्षा ती कशी देता हे जास्त महत्त्वाचं, माझं तर हेच ठाम मत आहे. डाला व्हेक्या आणि शाय (Dalla Vecchia, Schaye) या संशोधकांनी २०१२ मध्ये दिलेली पद्धत घ्या: थोडेच पार्टिकल निवडायचे, पण प्रत्येकाला एकदम ३ कोटी केल्व्हिननं तापवायचं. रिझोल्युशन चांगलं, म्हणजे पार्टिकल पुरेसे हलके असतील तर मोमेंटम थेट द्या, एका स्फोटाचा शेवटचा धक्का साधारण ३ लाख सूर्य-वस्तुमान गुणिले किलोमीटर प्रति सेकंद एवढा असतो. तारे जन्मल्यावर पहिला स्फोट ३०-४० लाख वर्षांनी होतो, त्याआधीच ताऱ्यांचा प्रकाश आणि वारे गॅस ढकलायला लागतात, तेही विसरू नका.

मग फीडबॅक चालू आणि बंद असे दोन्ही रन करा, ताऱ्यांच्या जन्मदराचे ग्राफ शेजारी ठेवा, आणि केनिकटच्या १९९८ च्या नियमातला (गॅस जितका दाट तितका ताऱ्यांचा जन्मदर जास्त, दोन्ही दर क्षेत्रफळाला मोजून लॉग ग्राफवर) १.४ चा उतार येतोय काय ते तपासा. रँडम सीड, म्हणजे रँडम नंबर जिथनं सुरू होतात तो आकडा, बदलूनही चालवा, नुसत्या सीडनं निकाल हलत असेल तर त्यावर पेपर लिहू नका.