१९६८ ची लाइव्ह एलपी डिजिटल करताना

क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या 'व्हील्स ऑफ फायर' अल्बमची (१९६८) दुसरी तबकडी लाइव्ह आहे. 'स्पूनफुल' आणि 'टोड' दोन्ही सोळा मिनिटांच्या वर. अशी रेकॉर्ड संगणकावर उतरवताना आधी ती कार्बन फायबर ब्रशने पुसा आणि सुईवरची धूळही झटका.

टर्नटेबल फोनो प्रीअँपमधूनच (सुईचा क्षीण सिग्नल वाढवून बास परत आणणारं यंत्र) जोडा. थेट लाइन-इनला लावलं तर आवाज क्षीण आणि बासविना येतो. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ पुरे.

रेकॉर्डिंगची लेव्हल सुरुवातीच्या संथ भागावर लावू नका, तिथेच बहुतेकजण फसतात. रेकॉर्डच्या त्या बाजूतला सर्वांत दणदणीत भाग आधी वाजवून बघा आणि शिखर उणे ६ डेसिबलवर ठेवा. एकदा क्लिप झालेली (लेव्हल मर्यादेबाहेर जाऊन फाटलेली) गिटार नंतर धड दुरुस्त होत नाही.

लेबलजवळ झांजा चरचरल्या तर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) नीट सरळ बसलंय का, म्हणजे त्याची अलाइनमेंट, तपासा. आतल्या खाचांत प्रत्येक फेऱ्याची लांबी कमी असते, त्यामुळे चूक तिथेच उघडी पडते.

सॉफ्टवेअरने खरखर काढणं, म्हणजे नॉइज रिडक्शन, शक्यतो नकोच. वापरायचंच तर खरखरीचा नमुना गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेतून घ्या. टाळ्यांमधून घेतलात तर सॉफ्टवेअर प्रेक्षकांनाच खरखर समजून पुसतं. गाणी तोडताना टाळ्या मध्येच कापू नका.