बिल्डिंगच्या पार्किंगमधून गाडी गेली किंवा कोणी फोडली, तर भरून कोण देणार आणि आपण काय करायचं

आधी कडू उत्तर देऊन टाकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्ही स्वतः गाडी लावली, लॉक केली, चावी खिशात टाकून वर गेलात आणि सकाळी गाडीच जागेवर नाही किंवा काच फुटलेली, तर बहुतेक वेळा सोसायटी तुम्हाला एक रुपयाही देणं लागत नाही. कुडाळ-कणकवलीकडचा सेक्रेटरी तर तोंडावर सांगेल, "गाडी तुमची, चावी तुमच्याकडे, मगे सोसायटी काय करतली?" ऐकून डोक्यात तिडीक जाते, पण कायद्याच्या हिशोबात माणूस फारसा चुकीचा बोलत नाहीये.

सगळा खेळ चावीचा आहे. 1872 च्या करार कायद्यात कलम 148 पासून पुढे, एखादी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला दिली तर त्याची जबाबदारी काय, ते दिलंय. म्हणजे ताबा दिला पाहिजे. सोसायटीला आपण महिन्याला जे पार्किंग चार्जेस भरतो ते जागा वापरायचे, गाडी सांभाळायचे नाहीत. उलट उदाहरण बघा, दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमधून 1998 मध्ये एका पाहुण्याची मारुती झेन गेली होती, चावी व्हॅलेकडे (पाहुण्यांच्या गाड्या लावणारा हॉटेलचा माणूस) दिलेली होती, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेललाच जबाबदार धरलं, पार्किंगच्या पावतीवर "ओनर्स रिस्क" म्हणजे जोखीम मालकाची असं छापलं होतं तरी! स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून असं छापील वाक्य टाकून सुटता येत नाही, असं कोर्ट म्हणालं.

आता हेच आपल्या बिल्डिंगला लावा. आपल्याकडे रत्नागिरी, चिपळूण, अलिबागला बऱ्याच बिल्डिंगमध्ये पार्किंग अरुंद, एकामागे एक गाड्या, त्यामुळे लोक चावी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला अडकवून जातात, गाडी मागेपुढे करायला. कमिटीने ही पद्धत स्वतः चालू केली असेल किंवा माहीत असून चालू दिली असेल, तर गाडी त्यांच्या माणसाच्या ताब्यात होती असं म्हणायला जागा होते आणि तुमची बाजू एकदम जड होते. पण तुम्हीच आपल्या सोयीसाठी वॉचमनला शंभर रुपये देऊन चावी ठेवायला दिली असेल तर तो तुमचा आणि त्याचा खाजगी मामला, सोसायटी हात वर करणार. आणि विमा कंपनीही विचारणार, चावी कुठे होती म्हणून. त्यामुळे चावी ठेवूच नका, बाकी काही नाही.

दुसरी वाट निष्काळजीपणाची. गेटचं कुलूप दोन महिने मोडलेलं, कॅमेऱ्याचे पैसे मेंटेनन्समध्ये घेतात पण कॅमेरा बंद, मागची कंपाउंड वॉल पावसात पडली ती तशीच, आणि हे सगळं कमिटीला माहीत होतं. "माहीत होतं" हे तोंडी चालत नाही. चोरी व्हायच्या आधीच्या तारखेचं पत्र पाहिजे, सेक्रेटरीची पोच घेतलेलं, किंवा निदान ईमेल. गेटजवळचा बल्ब गेलाय एवढं दोन ओळींचं पत्रसुद्धा उद्या कामाला येतं. सिक्युरिटी एजन्सी असेल तर तिचं अॅग्रीमेंट एकदा मागून वाचा, रात्री किती माणसं, राउंड किती वाजता, नुकसानीचं कलम आहे का, आणि एजन्सीकडे 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं लायसन्स आहे का. कमिटी कागद दाखवत नसेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी अर्ज करा.

गाडी गेली तर त्या दिवशी

पहिलं म्हणजे ग्रुपवर "कोणी बघितलं का" टाकून तासभर वाट बघत बसू नका आणि शेजाऱ्याचं नाव तर मुळीच घेऊ नका, त्याने उलटी बदनामीची केस टाकली तर गाडी राहील बाजूला. 112 ला फोन करा, मग पोलीस स्टेशनला जाऊन एफआयआर. चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं (1 जुलै 2024 पासून आयपीसी गेली). एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, मागून घ्या. हद्द आमची नाही म्हणाले तरी झिरो एफआयआर घ्यावीच लागते. घेतच नसतील तर तक्रार लेखी करून जिल्ह्याच्या एसपींना पोस्टाने पाठवा.

त्याच दिवशी सोसायटीला पत्र द्यायचं, अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा आणि पोलिसांना द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक हेच विसरतात. डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं, काही ठिकाणी आठवडा-दोन आठवड्यांतच, आणि मग सेक्रेटरी म्हणणार फुटेज नाही. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून आणलं एवढ्यावर भागत नाही, कोर्टात जायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, म्हणून डीव्हीआरमधून नीट कॉपी पोलिसांनाच काढू द्या.

आणि विमा कंपनीला लगेच कळवा, फोनवर क्लेम नंबर घ्या, शिवाय ईमेल. एफआयआर वेळेत झाली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर चोरीचा क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय, तरी उगाच त्यांच्या हाती कारण का द्या.

विम्याचं जरा सविस्तर, कारण पैसे मिळाले तर तिथूनच मिळणार

नुसती थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढंच भरून देणारी पॉलिसी) असेल तर चोरी आणि तोडफोड दोन्हीचं शून्य. गावाकडे फ्लॅटखाली वर्षभर उभ्या असलेल्या गाड्यांचं हे हमखास असतं, मालक मुंबईला, गाडी गणपतीला आणि मे महिन्यात बाहेर पडणार, मग म्हणतात कशाला फुल इन्शुरन्स. अरे, जी गाडी कोणी रोज बघत नाही तिलाच जास्त धोका! आणि पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो.

चोरीत आयडीव्ही मिळतो, म्हणजे पॉलिसीवर जी किंमत छापली आहे ती, त्यातून ठरलेली कपात वजा. गाडीवर लोन असेल तर पहिला हक्क बँकेचा. कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चावी आधीच हरवली असेल तर ती हरवली तेव्हाच पोलिसांत नोंद करून ठेवा, चोरीनंतर "दुसरी कधीतरी हरवली" सांगितलं की संशय येतोच. पुढे पोलिसांना गाडी सापडली नाही तर ते कोर्टात ‘अ’ समरी पाठवतात (गुन्हा खरा पण तपास लागला नाही), ती कॉपी मिळेपर्यंत क्लेम सहसा पुढे सरकत नाही, यात महिने जातात, पोलीस स्टेशनला खेटे घालायची तयारी ठेवा. आरटीओलाही चोरीचं पत्र देऊन ठेवा.

पार्टची चोरी वेगळी. मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरतात कारण आतल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महागडे धातू असतात. कारला पार्टची चोरी फुल इन्शुरन्समध्ये बसते, पण स्कूटर-बाइकची फक्त अॅक्सेसरी गेली आणि गाडी जागेवरच राहिली तर साध्या पॉलिसीत ते मिळत नाही. कारचा नुसता टायर कोणी कापला, बाकी गाडीला काही नाही, तर तोही नाही. गाडीत ठेवलेला लॅपटॉप, पर्स वगैरे विसराच.

ओरखडे, फुटलेला आरसा, फोडलेली काच

गाडीला हात लावायच्या आधी फोटो. एक लांबून, ज्यात नंबर प्लेट आणि पार्किंगचा खांब दोन्ही दिसतील, मग जवळून, खाली पडलेल्या काचांसकट. किल्लीने ओढलेला ओरखडा ताजा असतो तेव्हा आतला पत्रा चमकतो आणि कडेला रंगाची भुकटी असते. पण आपल्या खाऱ्या हवेत, त्यात जुलैचा पाऊस, तोच पत्रा दोन-चार दिवसांत तांबूस पडायला लागतो आणि मग सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) म्हणतो हे जुनं आहे. म्हणून आजच्या आज, धुवायच्या आधी. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजला काम चालू करू द्यायचं नाही.

पोलिसांकडे हे न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये येतं. किरकोळ नुकसानीला बहुधा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात, तीही नको म्हणू नका, कॉपी घ्या, दुसऱ्यांदा झालं की पहिली एनसी उपयोगी पडते. नुकसान 1 लाखाच्या वर असेल तर शिक्षा 5 वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे अशा वेळी गॅरेजचं लेखी एस्टिमेट सोबत घेऊनच जा.

क्लेम करायचा का हा मात्र हिशोब करा. समजा रंगाचं काम 5,000 चं. 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 तुमचे तुम्ही भरायचे, वर रंगाच्या मटेरियलवर घसारा 50 टक्के (झिरो डेप घेतलं असेल तर तो सुटतो), म्हणजे हातात पडणार तीनेक हजार, आणि पुढच्या वर्षी तुमचा 50 टक्के बोनस शून्यावर. छोट्या ओरखड्याला क्लेम करणं मला तरी तोट्याचं वाटतं. काच आणि दरवाजा दोन्ही गेले असतील तर बिनधास्त करा, काचेवर घसारा नाही.

कंपनीने नाकारलं तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी, महिनाभरात समाधान नाही झालं तर विमा लोकपाल, फी नाही, वकील लागत नाही. किंवा जिल्हा ग्राहक आयोग, तिथे 2 वर्षांची मुदत.

सोसायटीच झालेली नसेल तर

किनाऱ्यावर अशा बिल्डिंग भरपूर, बिल्डर अजून मेंटेनन्स गोळा करतोय, सोसायटीचा पत्ता नाही. मग गेट, लाईट, वॉचमन याची पत्रं बिल्डरच्या नावाने द्यायची आणि मेंटेनन्सच्या पावत्या जपायच्या. बिल्डर म्हणाला स्टिल्ट पार्किंग (बिल्डिंगखालची खांबांमधली जागा) मी विकलंय, तर 2010 च्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्टिल्ट आणि ओपन पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं सांगितलेलं आहे, बिल्डिंग रेरा कायद्याच्या (2017) आधीची असेल तर ते त्याला ऐकवा; रेरा नोंदणीच्या बिल्डिंगमध्ये स्टिल्टचं झाकलेलं पार्किंग विकता येतं, ओपन मात्र नाही.

सोसायटी असेल तर वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. ती गणपतीच्या दिवसांत लावून घ्या, कारण तेव्हाच मुंबईकर मालक खरोखर हजर असतात आणि कॅमेरा, गेट, पाहुण्यांच्या गाड्यांची वही, स्टिकर यांचे ठराव होतात. नाहीतर एरवी चार डोकी जमतात आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब.

आणि हो, नारळ. पार्किंगवरच्या माडाचा सुकलेला झाप किंवा नारळ पडून बॉनेट चेपलं तर ते तोडफोडीत येत नाही पण फुल इन्शुरन्समध्ये अपघात म्हणून क्लेम होतो. माड सोसायटीच्या जागेतला असेल, वर सुकलेल्या झावळ्या लोंबतायत हे तुम्ही लेखी कळवलेलं असेल आणि तरीही कमिटीने माडावर माणूस चढवला नसेल, तर त्यांच्याकडे भरपाई मागायला कारण आहे. पत्र दिलेलं नसेल तर आज द्या, आणि उत्तर येईपर्यंत गाडी दुसरीकडे लावा.